यानभाऊ, तुझ्या गावाहून माणसं आली

यानभाऊ,

सगळ्यात आधी ठकूअक्का आली. तिच्याशिवाय आपल्या गावात कुठली बातमी पायरी चढते? मी कुरडयांचा चीक हाटत होते. चैताचं ऊन, अंगणात खाट टाकून वर लुगडं अंथरलेलं, आणि ही दारातूनच म्हणते, "भागू, चूल सोड. बारववर गोरा उनात. एक बाप्या, एक बाई, संगे मिलना कारकून. आन् फावडं शे त्यासनाकडे."

मी म्हटलं, "फावडं कसाले?"

"तुना भाऊले खंदाले."

चीक तिथंच राहिला. तळाला लागला, सुनेने नंतर तळाची खरवड गाईला घातली. सुपडू म्हणतो, आई, तू पदरसुद्धा खोचला नाहीस, तशीच निघालीस. आता त्या वेळी पदराचं भान कोणाला होतं?

हे पत्र एवढ्यासाठी. काल अख्खा गाव तुझ्या डोक्यावर उभा राहून तुझ्याबद्दल भांडला आणि तुला कोणी विचारलं नाही. तू तसाही विचारल्याशिवाय बोलणारा नव्हतास. मला लिहायची सवय नाही. सासऱ्यांनी पोथी वाचण्यापुरती अक्षरं शिकवली, तेवढ्यावर चाललंय. चुकलं तर हस. मराठी बोलताना तू काय कमी चुकायचास? शेठला "तू बस रे" आणि आमच्या बैलाला "बसा साहेब" म्हणणारा तूच ना?

आलेला माणूस तुझ्या धाकट्या भावाचा मुलगा. पावेल नाव. चाळीसगावच्या मिलमध्ये नवी यंत्रं बसवायला आलाय, तुझ्यासारखाच फिटर. सोबत बायको मारी. मी त्याला लांबूनच ओळखला. कसा सांगू? कान. उन्हात लाल होणारे ते तुझेच कान, डोक्याला चिकटवल्यासारखे. मला इतका आनंद झाला यानभाऊ, की फावड्याचा क्षणभर विसरच पडला. म्हटलं, आहे! तुझं गाव लोत्का आहे! एवढी वर्षं ठकूअक्का मला चिडवते, की तुना भाऊनं गाव मन मा रचेल व्हतं, तसं गाव कुठे असतं का.

तुला ती दिवाळी आठवते? कापसाच्या जीनमधलं इंजिन नवीन होतं आणि तू त्याच्यासोबत आलेला, आग्रा रोडवरच्या त्या पत्र्याच्या खोलीत एकटा. आमचे हे म्हणाले, त्या गोऱ्या माणसाला सणाचं जेवायला बोलवू. तू आलास, ओसरीवर बसलास, पुरणपोळी गुंडाळी करून खाल्लीस. मी अंगणात पाडव्याचं गोकुळ घालत होते. शेणाच्या गवळणी, शेणाच्या गाई, विहीर, उखळ, वर ज्वारीची ताटं. तू पाहत राहिलास. मग बाह्या वर केल्यास, माझ्या पाटीतलं शेण उचललंस आणि माझ्या गोकुळाशेजारी स्वतःचं गाव घालायला लागलास.

सासूबाई म्हणाल्या, "अव माय, हाऊ बाप्या शेनमा हात घालस." पण तुला काय.

आधी टेकडी केलीस. टेकडीवर तुमचं देऊळ, उंच टोकाचं. देवळाला गुडघ्याएवढी भिंत. टेकडीच्या पायथ्याशी ओढा, ओढ्याला आडवा बांध, बांधामागे तळं. तळ्यासाठी तू माझा पितळी तांब्या रिकामा केलास. बांधावर झाडं, बांधाखाली पाणचक्की. मग घरं, तळ्याभोवती पाठीला पाठ लावून बसलेली. मोडक्या बोलीत तू सांगत होतास, हे समजून घेत होते. मूळचं तिथं नुसतं जंगल. तिथल्या कोणा जहागीरदारानं माणसं आणली आणि सांगितलं, झाडं तोडा, जमीन करा, तोवर सारा माफ. त्या माफीच्या मुदतीवरूनच गावाला लोत्का हे नाव. हे म्हणाले, आपल्याही गावाची पांढरी अशीच बसली, पळासाचं रान तोडून. तुझा चेहरा केवढा उजळला! जसं काही दोन्ही गावं एकाच पंगतीत जेवली.

मग तू भिंतीच्या आत छोटे छोटे गोळे ठेवलेस. मी विचारलं, हे काय, शेळ्या? तू म्हणालास, "मरेल लोक. हाऊ मना बाप." आणि बोटानं दाखवलंस, इथं आमचं घर, ही खिडकी, आई खिडकीत बसली की तिला बाप दिसतो.

मेलेली माणसं गावाच्या मधोमध? "भूत लागत नाही?" मी विचारलं. तू म्हणालास, "कसाले लागी? बठ्ठा आमनाच शेत." सगळे तुमचेच, मग कसलं भूत. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तुला ओवाळलं तेव्हापासून तू माझा भाऊ.

दरवर्षी मी ते गाव घालते. तू असताना तू चुका काढायचास, चक्की इकडे नको, बांधाच्या खाली. तू गेल्यावर माझी मीच घालते. नातवंडांना आपल्या शिवारापेक्षा लोत्का जास्त पाठ आहे.

किती लांबले बघ. बारवेवर माणसं खोळंबलीत आणि मी दिवाळीत फिरतेय.

तर मी पोचले तेव्हा बारवेकाठच्या निंबाखाली, तुला पुरलंय तिथं, गाव जमलेला. तुझ्या दगडाला ताजाच शेंदूर, वर लाल झेंडे. हो, हे तुला सांगायचं राहिलंच होतं, आणि सांगायची लाजही वाटते. आम्ही तुला देव करून ठेवलं आहे. दगा भगतानं सुरुवात केली. तू गेल्याच्या पुढच्या साली त्याच्या म्हशीला रेडकू झालं, त्यानं तुझ्या दगडावर नारळ फोडला. मग एकाचं पाहून दुसरा. आता नवी मोट सुरू करायची तर तुला नारळ, लग्न ठरलं तर तुला नारळ, पाऊस लांबला तर तुला नारळ. तू हसला असतास. नाही, तू लाजला असतास, कान लाल करून जीनकडे निघून गेला असतास.

पावेलच्या हातात धुळ्याहून आणलेला परवानगीचा कागद होता. कारकून बिचारा घामाघूम. तो मराठीत सांगत होता, की यांच्या आजी, म्हणजे यानसाहेबांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या आहेत, आणि त्यांनी नातवाला सांगून पाठवलंय, माझ्या यानला घरी आण, बापाजवळ ठेव. बाकी काही नको.

दगा दगडाला पाठ लावून बसलेला, काठी आडवी मांडीवर. "हाऊ आमना देव शे. देवले कोनी उपटी लई जास का?"

कारकून म्हणाला, "अहो, सरकारी कागद आहे."

ओंकारआबा आता म्हातारे झाले, पण पाटीलकीचा आवाज तोच. ते म्हणाले, "इंग्रज चालना त्याना घर. आते त्याना कागद कोन वाची?"

लोक हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. पोरं ढेकळं वेचायला लागली होती. आणि भीती कशाची ते मला कळत होतं. बारवेचं पाणी यंदा चैतातच पायऱ्यांच्या तळाला गेलंय. बायका घागर तिरपी करून पाणी भरतात. कोणीतरी मागून म्हणालं, "याले नेलं ते उरेल पानीबी जाई." बस, सगळ्यांच्या मनातलं तोंडावर आलं.

पावेलला शब्द कळत नव्हते, काठी कळत होती. तो बायकोच्या पुढे होऊन उभा राहिला. मारी मात्र खाली बसली. तुझ्या दगडाजवळ, धुळीत, आणि शेंदराला बोट लावून पाहिलं. दगा काठी उचलून उभा राहिला. मी म्हटलं, "दगा, ती घरची सून शे. तुनी काठी खाले ठेव." ठेवली त्यानं. पण फक्त टेकवली, आणि परत दगडाला पाठ लावून बसला.

आता खरं सांगू का तुला? मी एक शब्द बोलले असते, नाही म्हटलं असतं, तर गावानं त्या दोघांना आग्रा रोडपर्यंत पिटाळलं असतं. आणि तो शब्द माझ्या जिभेवर होता. तू माझा भाऊ. हे गेल्यावर माझं म्हणावं असं माहेरचं कोण उरलंय? बारवेवर आले की मी तुझ्याशी बोलते, सुनेचं गाऱ्हाणं करते, नातवंडांचं कौतुक सांगते. तुला नेलं तर मी कोणाशी बोलू, निंबाशी? तिकडे तुझी आई. तिनं तुला जन्म दिला, मी नुसतं ओवाळलं. पण ताप चढला तेव्हा तुझ्या कपाळावर पट्टी कोणी ठेवली? तिच्या खिडकीतून तू दिसत नाहीस, यात माझा काय दोष?

तुझ्या आईचा राग आला मला. न पाहिलेल्या म्हातारीचा.

मग ओंकारआबांनीच मला विचारलं. "भागू, तुले काय वाटस? तुना भाऊ शे."

सगळे माझ्याकडे वळले. मी बारवेच्या कुंडीजवळ गेले, ओल्या मातीचा गोळा आणला आणि खाली बसून तुझं गाव घालायला घेतलं. बोलण्यापेक्षा तेच मला येतं. आधी टेकडी. मग देऊळ. भिंत. बांध, तळं, बांधाखाली चक्की. पाणी ओतायला तांब्या नव्हता, ठकूअक्कानं न सांगता स्वतःच्या घागरीतलं दिलं. आजच्या दिवसात घागरीतलं पाणी मातीत ओतायला देणं, म्हणजे तिनं केवढं केलं ते तुला कळेल.

पावेल आधी नुसता पाहत होता. मग बायकोला काहीतरी म्हणाला आणि दोघं माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. मी तळ्याकाठी घरं मांडत होते. त्यानं एक घर उचलून जरा वर सरकवलं. मी खिडकीचं बोटानं भोक पाडलं आणि म्हटलं, "तुनी आजी." कारकुनानं सांगायची गरजच पडली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणायचं होतं, बघ अक्का, आहे की नाही गाव! पण तेवढ्यात त्यानं हात पसरला आणि तळव्यानं माझी घरं सपाट करायला सुरुवात केली.

एक ओळ. मग दुसरी. चक्की. मग बांध मधोमध फोडला आणि तळ्याचं पाणी धुळीत निघून गेलं.

पोरांनी हातातली ढेकळं टाकली.

कारकून हळूहळू सांगत गेला. युद्धात जर्मन सैन्य आलं. त्यांना तोफांच्या सरावासाठी मोकळं शिवार हवं होतं. लोत्का आणि आसपासची गावं रिकामी करा म्हणाले. जे उचलता येईल ते गाडीत टाका आणि चालू पडा. तुझ्या आईनं कोंबड्या पोत्यात घातल्या. तुझा भाऊ म्हणजे पावेलचा बाप परत आलाच नाही, दुसरीकडच्या कारखान्यात राबताना गेला. युद्ध संपल्यावर लोक परतले तर गाव ओळखू येईना. तोफांनी घरं उडवलेली, चक्कीचे धोंडे ओढ्यात, बांध फुटलेला, तळ्यात गवत. देवळाचं छप्पर गेलेलं. भिंत मात्र राहिली, आणि भिंतीच्या आतले सगळे जिथल्या तिथे. तुझ्या घराची एकच खोली उभी आहे. ती खिडकीची. तुझी आई तिथंच राहते. म्हणते, गावात आता जिवंतांपेक्षा भिंतीआडचीच माणसं जास्त, त्यांत माझा एक कमी आहे.

यानभाऊ, बरं झालं तू हे ऐकलं नाहीस. की ऐकलंस?

ओंकारआबा त्या फुटक्या बांधाकडे वाकले. त्यांनी विचारलं, "तयामा पानी उनं का मंग?"

पावेल म्हणाला, बांध गावानं परत घातला. आधी सगळ्यांनी मिळून गाळ उपसला. पाणी हळूहळू चढतंय.

गाळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी लखकन झालं. तुझ्या लक्षात आलंच असेल. आठव ते साल, श्रावणात पावसानं दडी मारली ती मारलीच. बारवेत गुडघाभर पाणी उरलेलं आणि तू म्हणालास, ते उपसून टाकू. आमच्या तळ्याचं आम्ही दर शिशिराच्या आधी असंच करतो, पाणी सोडतो, मासे काढतो, गाळ काढतो. तेव्हाही लोक काठ्या घेऊन आले होते, आणि सगळ्यात पुढे हेच ओंकारआबा. "आमनं शेवटलं पानी फेकस? वेडा शे का हाऊ?" हे तुझ्या बाजूला जाऊन उभे राहिले. तू जीनच्या शेठला विनवून बैलजोड्यांनी जीनमधलं इंजिन इथवर ओढून आणलंस. घरातलं भांडं न् भांडं भरून घेतलं आणि बारव कोरडी केली. काळा गाळ, वास सुटलेला, आम्ही बायका पाट्या डोक्यावर घेऊन पायऱ्या चढतोय, उतरतोय. तू गळ्यापर्यंत माखलेला. "भागूताई, खाले पानी शे. नुसता गाळ शे वर." सारखं तेच. आणि मग कोपऱ्यातला दगड ओला झाला. ओठावरून थेंब यावा तसा.

मी उठले. गुडघे धरले होते, तरी उठले. म्हटलं, "आबा, यानभाऊनं बारवमा पानी टाकेल नव्हतं. त्यानं गाळ काढेल व्हता. तो गया त्यानंतर कोणी काढा? सांगा. आपण नारळ फोडले. करवंट्या कुठे गेल्या? पायऱ्यांवरून आतच ना? शेंदूर धुऊन कुठे गेला? आतच. मग पाणी का जाणार नाही?"

दगा म्हणाला, "करवंट्या मी झाडस."

ठकूअक्का म्हणाली, "झाडस, आन् आत लोटस. मी देखेल शे."

या वेळी लोक हसले ते बरं हसले. दगाही डोकं खाजवायला लागला. गेल्या इतक्या वर्षांत आम्ही तुला रोज कुंकू लावलं आणि तुझं काम टाकून दिलं. तुझ्या गावानं तोफा खाल्ल्या, घरं गेली, तरी आधी तळ्याचा गाळ काढला. हे मी बोलून दाखवलं नाही. पावेलच्या मातीच्या हातांकडे सगळे पाहतच होते.

आबांनी कारकुनाला विचारलं, "त्यानी माय जित्ती शे ना?"

"आहेत. खिडकीत बसून असतात."

"मंग बठ्ठं बोलनं खुटनं. माय बलाई राहिनी, त्याले जावाले पाहिजे." आणि दगाकडे वळून, "ऊठ रे. पाठ उचल त्याना अंगवरून."

दगा उठला. पण लगेच नाही, यानभाऊ. काठी टेकवून बसून राहिला, दगडावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. त्याला वाटत होतं मी फिरेन. मलाही वाटत होतं. मग उठला, आणि जाताना पावेलला म्हणाला, "खंदाना आधी इच्यारी लेजो त्याले." पावेलनं मान डोलावली, काय कळलं देव जाणे.

काल फावडं लागलं नाही. पावेलच म्हणाला, आधी बारव. मिलमध्ये पाणी उपसायचा पंप आहे, साहेबांना विचारून तो घेऊन येतो, त्याच दिवशी गाळ काढू, मग काकांना नेऊ. आबांनी मान्य केलं, पण त्यांची एक अट, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी नाही. आखाजीला मेलेल्यांची घागर भरायची असते, आणि घरच्या माणसाला त्या सणाला कोणी उपाशी धाडत नाही. दरसाल सासऱ्यांच्या घागरीशेजारी मी तुझी भरतेच. यंदा दगाच्या घरून खरबूज येणार, ठकूअक्काच्या घरून सांजोऱ्या. तू लेकीसारखा सासरी चालल्यागत सगळी धांदल. की माहेरी म्हणू?

मारीला मी घरी आणलं, कुंकू लावलं, करपलेला चीकसुद्धा तिनं वाटीभर खाल्ला. दिवस राहिलेत तिला. मी पोटाकडे बोट दाखवलं, तर तिनं माझा हात धरून वर ठेवला. आनंदानं माझी झोप उडाली, आणि तुझ्या विचारानं परत उडाली. दोन्ही खरं आहे.

माझा तुझ्यावर एकच रुसवा आहे. एवढी वर्षं मी बोलते, तू एकदा तरी सांगायचं, की भागूताई, मला घरी जायचंय. मी अडवलं असतं का? बहुतेक अडवलं असतं.

आता मी देते तो शब्द ऐक. तुझ्यावरचा दगड उचलला की आधी माझा हात लागेल, लोखंड नंतर. तुला मी माझ्या लुगड्यात बांधून देईन, पत्र्याची पेटी वरून. बारवेचा गाळ मी जिवंत असेपर्यंत दरसाल निघेल, मी पायरीवर बसून काढून घेईन, आणि माझ्यामागे सुपडू. निंबाखाली नारळ फुटणार नाही. दिवाळीला लोत्का घालीन, पण आता घरं थोडी मांडीन, एक खोली, एक खिडकी, आणि भिंतीच्या आत बापाशेजारी एक गोळा जास्त.

आईला सांग, तिचा यान आमच्याकडे उपाशी नव्हता.

ती दोघं पंप घेऊन आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या आखाजीला, सकाळच्या पारी येतो म्हणालीत.

तुझी बहीण,
भागू